गयाबाईचा मुकादम

गयाबाई आमच्याकडं कामाला लागली, ती तिनं आमच्या आबांना उचललं म्हणून.

आबा आज असते तर त्यांनी हे वाक्य मला खोडायला लावलं असतं. "तिचा स्वभाव लिही, कष्ट लिही, मी कशाला मधे?" म्हणाले असते. पण बाईचा सगळा स्वभाव त्या उचलण्यातच होता, त्याला मी काय करू?

आबा येडशी स्टेशनवर सांधेवाले होते. छोट्या गाडीच्या रुळांचे सांधे बदलायचे, गाडीला झेंडी दाखवायची आणि उरलेल्या वेळात खाकी कोटाची इस्त्री सांभाळायची. आमच्या भावकीत महिन्याचा पगार घरी आणणारा हा पहिला माणूस, त्यामुळं चालण्यात जरा ताठा होता. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो: आबा, आई, मी आणि माझ्याहून मोठी आक्का.

आक्काचे हातपाय जन्मापासून आखडलेले. उशा लावून बसवलं तर बसायची, पण चालणं नव्हतं. हात आपल्या मनानं हलायचे. बोलणं इतकं सावकाश आणि जड की घरच्यांशिवाय कुणाला उमगायचं नाही. डोकं मात्र माझ्याहून तल्लख. मी मास्तरकीचा अभ्यास करायचे तेव्हा पुस्तक तिच्यासमोर धरायचे, आणि मला न सुटलेली गणितं ती सोडवून द्यायची. तरी येणारा-जाणारा माणूस तिच्या तोंडासमोर आईला विचारायचा, "खाती का बरं नीट?"

बहात्तरचा दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षी आक्काला न्हाणीतून उचलताना आईची कंबर धरली ती सुटेना. मी आठवडाभर कॉलेजच्या गावी, आबा ड्यूटीवर. आता तरण्याताठ्या मुलीचं सगळं करायला एखादी बाई ठेवणं भाग होतं. पहिली आली ती आईची लांबची मावसबहीण. ती जेवायची आणि झोपायची, आणि उठली की पुन्हा जेवायची. दुष्काळात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण आक्काला उचलायची वेळ आली की तिच्या छातीत धडधडायला लागायचं. मग एक तरणी पोरगी आली, ती आक्काला बघून दारातच रडायला लागली. शेवटी आक्काच तिची समजूत घालत बसली आणि मी तिला चहा पाजून घरी पोचवलं. त्यानंतरची म्हणाली, मी अंगारा देते, पोरगी चालायला लागेल. आबांनी बुद्धाच्या तसबिरीखाली उभं राहून तिला हात जोडले आणि रस्ता दाखवला.

आबांनी तोवर सोलापूरकडच्या अपंगांच्या एका आश्रमात शब्द टाकून ठेवला होता. जागा झाली की कळवू, असं तिकडून सांगणं आलं. म्हणजे बाई हवी होती ती तेवढ्यापुरतीच. आक्काला आश्रमात जायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही. घरात तिच्यावर माया नव्हती असं नाही, भरपूर होती. पण तिला काही विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्टेशनच्या पलीकडं दुष्काळी काम चालू होतं. रस्त्यासाठी बायका खडी फोडत बसायच्या. आबा एके दिवशी त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि साहेबी आवाजात म्हणाले, "एका मोठ्या मुलीला उचलता येईल अशी कुणी ताकदीची बाई आहे का?"

एक बाई हातोडा टाकून उठली. उंच, काळी, खांदे गड्यासारखे. रामलिंगाच्या डोंगराकडच्या वस्तीवरची धनगरीण. मेंढरं दुष्काळात विकून टाकली, तेव्हापासून खडीवर.

"किती मोटी हाय पोरगी?"

"आता... माझ्यापेक्षा थोडी लहान."

"तुमच्यापरीस?" असं म्हणत ती पुढं आली, आबांच्या कमरेला विळखा घातला, आणि खाकी कोट, टोपी आणि दोन्ही झेंड्यांसकट आबांना उचलून खडीच्या ढिगापलीकडं नेऊन ठेवलं. "लई हलकं हायसा की हो भाऊ," ती म्हणाली. "काय खाता का न्हाय?"

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. आबांनी टोपी नीट केली. चारचौघांत बाईनं उचललेला माणूस दुसरं काय करणार? "उद्यापासून या," एवढं म्हणाले आणि मागं न बघता स्टेशनात गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार, मी घरीच होते. उजाडायला गयाबाई अंगणात हजर. पायात काही नाही, दातांना मिशेरी, हातात भाकरीचं फडकं आणि आपला स्वतःचा पाण्याचा तांब्या, मागं एक शेळी. तिचा आवाज मुळातच तलावाच्या या काठावरून त्या काठाला द्यायचा होता. घरात त्याचं काय करायचं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "आंगूळ झाली व्हय?" असं तिनं विचारलं की स्टेशनमास्तर आपल्या क्वार्टरमधून "झाली" म्हणायचे. थापा तर विचारू नका. जिल्ह्यातला एकही पाझर तलाव तिच्या हाताशिवाय झालेला नव्हता. कलेक्टरला तिनं एकदा तोंडावर सुनावलं होतं. काय सुनावलं ते दर वेळी बदलायचं, आणि कलेक्टरही बदलायचा.

त्या पहिल्या सकाळी तिनं दारातच विचारलं, "माजा मुकादम कोन?"

"म्हणजे?" आई अंथरुणातून म्हणाली.

"हुकूम कुनाचा घ्यायचा?"

"माझा," आई म्हणाली. "घर मी बघते."

"पगार मी देणार," आबा म्हणाले.

"आक्काला काय लागतं ते मला जास्त कळतं," मीही म्हणाले. मी तेव्हा मास्तरीण व्हायला निघाले होते, मला सगळ्यातलंच जास्त कळत होतं.

गयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "तळ्यावर आमाला दोन मुकादम व्हते," ती सांगायला लागली. ही गोष्ट पुढं आम्ही इतक्यांदा ऐकली की शेळीलाही पाठ झाली असेल. "येक सकाळी म्हनायचा, हितं खांदा. दुसरा दुपारी म्हनायचा, कुनी सांगितलं खांदायला, बुजवा. आटवडाभर आमी त्योच खड्डा खांदला आन् त्योच बुजवला. पगार भेटला, खायला सुकडी भेटली, पर तळं काय झालं न्हाय." मग तिनं खाटेकडं बोट केलं. "ह्या कोन?"

"तिचंच तर करायचंय."

"मंग ह्याच मुकादम. ज्येचं काम त्येचा हुकूम."

"अहो, तिला बोलायला फार वेळ लागतो," आबा म्हणाले.

"लागू द्या की. मला कुटं गाडी धरायची हाय?"

आणि ती खाटेजवळ जाऊन उभी राहिली. "सांगा, मुकादम."

आक्का गोंधळून गेली. तिनं जन्मात कुणाला हुकूम सोडलेला नव्हता. आम्ही तिला न्हाऊ घालायचो, भरवायचो, निजवायचो, आणि ती करवून घ्यायची. आता हुकूम दे म्हटल्यावर तिला काही सुचेना. गयाबाई उभीच. आई म्हणाली, "अगोदर केर काढा." गयाबाईनं ऐकलं नाही. मी म्हटलं, "तिला दूध द्या." गयाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चुलीवरचा चहा उकळून उकळून काळा झाला, तेव्हा कुठं आक्का एकेक अक्षर ओढत म्हणाली, "खाट... फिरवा."

आक्काची खाट भिंतीकडं तोंड करून होती. लहानपणी तिला दाराचं वारं लागून खोकला झाला होता, तेव्हा आईनं खाट फिरवली ती तशीच राहिली. इतकी वर्षं तिच्यासमोर भिंत होती आणि भिंतीवर एक खिळा. गयाबाईनं "व्हय मुकादम" म्हटलं आणि आक्कासकट खाट उचलून दाराकडं वळवली. "अगं वारं लागेल तिला! खाली ठेव!" आई ओरडत होती. दारातून समोर लिंबाचं झाड, फलाट, रूळ आणि पलीकडं डोंगर दिसत होता. थोड्या वेळानं गाडी आली. आक्का गाडीकडं बघत होती आणि मी आक्काकडं. मला फार आनंद झाला.

आक्का दोनतीन दिवसांत हुकूम सोडायला शिकली. आणि तिचा मोठा हुकूम पाण्याचा.

गयाबाई आमच्या घरचं पाणी पीत नव्हती. तिच्या वस्तीवर ती आमच्याकडं कामाला जाते यावरूनच कुजबूज होती. पाणी प्यायली असती तर जावांनी तिला चुलीजवळ येऊ दिलं नसतं. चारचौघांत आबांना कडेवर घेतल्यासारखं उचलताना तिला काही वाटलं नव्हतं, पण आमच्या रांजणातलं पाणी चालत नव्हतं. माणूस चालतो आणि पाणी चालत नाही, असलं शास्त्र आमच्याच मुलखात तयार होतं. आई त्या तांब्याकडं बघून भांडी आपटायची. आबा म्हणायचे, "पिऊ दे तिचं तिला. काम होतंय ना?"

एका रविवारी दुपारी आक्कानं पाणी मागितलं. गयाबाईनं रांजणातून पेला भरून आणला, तिच्या ओठांशी धरला. आक्कानं तोंड मिटून घेतलं.

"काय झालं मुकादम?"

"आधी... तुम्ही प्या."

आईनं लाटणं थांबवलं. गयाबाईनं पेल्याकडं बघितलं, आपल्या तांब्याकडं बघितलं, दाराबाहेर बघितलं. तिच्या कपाळावर आठ्यांची रांग उभी राहिली.

"ह्यो हुकूम हाय का नुसतं म्हननं हाय?" तिनं विचारलं.

"हुकूम," आक्का म्हणाली.

गयाबाईनं पेला वर उचलला आणि घटाघटा संपवला. मग दुसरा भरून आणून आक्काला पाजला. संध्याकाळी वस्तीवर जाऊन तिनं जावांना स्वतःच सांगितलं, "मुकादमाचा हुकूम व्हता. हुकूम मोडला तर हजेरीतनं नाव कापत्यात." जावांनी तोंडं वाकडी केली, पण सरकारी कामावर त्याही गेलेल्या होत्या, मुकादमापुढं काही चालत नाही हे त्यांनाही पटलं. तांब्या तिनं आणायचा बंद केला. आईनं त्या रात्री तिच्यासाठी बेसनाची वडी करून फडक्यात बांधून ठेवली आणि ती मला तोडू दिली नाही. मला आक्काचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

पण गयाबाई म्हणजे संतीण नव्हे, हे सांगितलं पाहिजे. दुपारी सूर्य डोक्यावर आला की ती "जेवनाची सुट्टी!" अशी आरोळी ठोकायची आणि लिंबाखाली जमिनीवर आडवी व्हायची. मग घरात आग लागली तरी ती उठली नसती. आईचा नवा साबण तिनं शेळी धुवायला वापरला. आक्काला न्हाऊ घालताना ती मोठ्यानं ओव्या म्हणायची आणि त्यांचा सूर असा लागायचा की आक्का हसून हसून न्हाणीत घसरायची. आणि ती शेळी! एकदा आबांनी झेंडे फलाटाच्या कठड्यावर ठेवले आणि कंदील पुसायला बसले. मागं वळून बघतात तर हिरव्या झेंड्याचा फक्त दांडा उरलेला. लालला शेळीनं तोंड लावलं नव्हतं. गाडी सिग्नलपाशी येऊन शिट्ट्या मारत उभी, आणि आबा हिरवी साडी नेसलेल्या कुणाच्या तरी शोधात फलाटभर पळताहेत. शेवटी स्टेशनमास्तरांनी आपला झेंडा दिला. आबा तो दांडा हातात घेऊनच घरी आले.

"तुमची शेळी सरकारी झेंडा खाते?"

"हिरवं दिसलं की खानारच भाऊ," गयाबाई शांतपणे म्हणाली. "औंदा तिला हिरवं दिसलंच हाय कुटं?"

आबा न जेवता झोपले.

इकडं आक्काच्या अंगात मुकादमकी भिनत चालली होती. आज लिंबाखाली बसवा. उद्या बाजारात न्या. परवा इंजिन जवळून बघायचंय. गयाबाई तिला पाठुंगळी घेऊन निघायची, आणि कुणी वाटेत "हिला कुठं घेऊन चाललीस?" विचारलं की म्हणायची, "म्या न्हाय, त्याच मला घिऊन चालल्यात." इंजिनच्या ड्रायव्हरनं आक्काला एकदा भोंगा वाजवू दिला. तिचा हात दोरीला अडकला आणि सुटेचना. त्या दिवशी येडशीत भोंगा इतका वाजला की काहीतरी अपघात झाला म्हणून माणसं धावत आली.

त्याच सुमारास गावात बायकांची दूध सोसायटी निघाली. त्या काळात उठेल तो सोसायटी काढत होता. सभासद कमी पडले म्हणून आबांनी आक्काचंही नाव देऊन ठेवलं होतं. चेअरमन बाई होत्या, पण कारभार त्यांचे मालक बघायचे. सभेत ते बाईंच्या मागं खुर्ची टाकून बसायचे आणि बाई त्यांच्या तोंडाकडं बघून बोलायच्या. सभा आहे हे कळल्यावर आक्का म्हणाली, "जायचं." मी शनिवार म्हणून घरी होते, मीही मागोमाग गेले.

सभेपुढं प्रश्न होता, सोसायटीच्या शिलकीतून काय घ्यायचं. मालकांना लाउडस्पीकरचा कर्णा हवा होता. बायकांचं म्हणणं, दुधाचं फॅट मोजायचं यंत्र घ्या. "कर्ण्याच्या बाजूनं हात वर करा," चेअरमन बाई म्हणाल्या. आता आक्का उत्साहात आली की तिचा डावा हात आपोआप वर जायचा, तसा तो गेला. सेक्रेटरीनं तो मोजणीत धरला.

"थांबा!" गयाबाई गरजली. "त्यो हात धरू नगा."

"का? त्यांचाच हात आहे ना?"

"हात त्यांचाच हाय. हुकूम त्यांचा न्हाय!"

सेक्रेटरीला असला मुद्दा कधी आला नव्हता. आक्का इतकी हसायला लागली की उजवा हातही वर गेला. मग यंत्राची पाळी आली, तर आता नेमके दोन्ही हात खाली. "वर करू का मुकादम?" "करा." गयाबाईनं तिचा हात असा वर ओढला की आक्का बसल्या जागेवरून अर्धी उभी राहिली.

"असलं मत धरू नका," मालक मागून म्हणाले. "त्या बिचारीला काय कळतंय?"

आक्का बोलायला लागली. शब्द निघेना. कुणीतरी खाकरलं, तर गयाबाईनं त्या बाजूला असं बघितलं की खोकला घशातच राहिला. सगळी सभा वाट बघत बसली. आणि आक्का सावकाश म्हणाली, "यंत्र आलं की... कळेल... कुणाचं दूध किती पातळ."

गयाबाईनं तेच वाक्य आपल्या आवाजात पुन्हा सांगितलं, म्हणजे ते गावालाही कळलं. मालकांच्या म्हशीचं दूध कसं असतं हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आधी एक हसली, मग सगळ्या. चेअरमन बाईसुद्धा पदराआड हसल्या. यंत्र मंजूर झालं.

मालक दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आबांना भेटले. "पोरीला घरात ठेवा. लोक हसतात," एवढंच म्हणाले. लोक कुणाला हसले होते ते आबांना माहीत नव्हतं. नोकरीचा ताठा असला तरी आबा भित्रे होते. आमच्यासारख्यांनी गावात कुणाशी वाकडं घेऊ नये, या धोरणावर त्यांनी सगळा जन्म काढलेला. आणि त्याच आठवड्यात सोलापूरहून निरोप आला, आश्रमात जागा झाली आहे.

निघायच्या दिवशी मीही रजा काढून घरी आले होते. सकाळी आईनं आक्काची ट्रंक भरली. भरताना ती एकसारखी नाक पुसत होती. आबा इस्त्रीचा कोट घालून तयार. छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचं, तिथून पुढं सोलापूर. गाडी यायची वेळ झाली तसे आबा म्हणाले, "गयाबाई, तिला उचला."

गयाबाई खाटेकडं वळली. "मुकादम, उचलू?"

आक्काचं सगळं अंग ताठरलं होतं. तोंडातून नुसता श्वास येत होता.

"तिला काय विचारता?" आबा चिडले. "पगार मी देतो!"

"पगार सरकार बी द्यायचं की भाऊ. सरकार काळं का गोरं म्या कवा बगितलं न्हाय. हुकूम मुकादमाचाच." आणि ती पुन्हा खाली वाकली. "सांगा. वेळ घ्या."

बाहेर गाडी आली. आबा दाराकडं, गाडीकडं, आक्काकडं बघत घामाघूम झाले. आणि आक्का म्हणाली, "मी... जाणार... नाही."

"मोडला बेत," गयाबाईनं जाहीर केलं, आणि ट्रंक उचलायला पुढं झाली. आबा आपोआप मागं सरकले. ही बाई आता काय उचलेल याचा नेम नव्हता.

पण मग आबा खाली बसले आणि त्यांना रडू आलं. मी त्यांना रडताना प्रथमच बघत होते. "पोरी, तुझी आई अशी झाली," ते म्हणाले. "मी उद्या नसलो तर तुझं कोण बघणार?"

"मीच बघीन," आक्का म्हणाली. "बाई ठेवीन."

"आणि ती निघून गेली तर?"

"दुसरी... ठेवीन."

"दुसरी?" गयाबाई ट्रंक हातात घेऊनच गर्रकन वळली. "आनि माज्यात काय खोट हाय?"

आधी आक्का हसली, मग आई, मग डोळे पुसता पुसता आबा. तोवर गाडी सुटून गेली होती. आबा ड्यूटीवर नव्हते, तरी सवयीनं दारात जाऊन त्यांनी तिला हात दाखवला. आश्रमाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

पुढं पाऊस झाला, माळ हिरवे झाले. गयाबाईनं पुन्हा थोडी मेंढरं घेतली, ती लेकाच्या हवाली केली आणि स्वतः आमच्याकडंच राहिली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न होऊन नळदुर्गला गेले. आबा रिटायर झाले आणि आम्ही स्टेशनजवळच छोटं घर बांधलं. आक्का पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागली. पोरांना तिचं बोलणं मोठ्यांपेक्षा लवकर कळायचं, आणि गोंगाट झाला तर गयाबाई नुसती दारात येऊन उभी राहायची. गयाबाईचा पगारही आता आक्काच शिकवणीच्या पैशांतून द्यायची.

असं करता करता गयाबाई म्हातारी झाली. ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, फक्त तिला दिसत नव्हतं, कारण मुळात तिला दिसणंच कमी झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू. चहा ती मोठ्या ऐटीत बशीच्या शेजारी ओतायची आणि "प्या मुकादम" म्हणायची. एकदा माझ्या नवऱ्याला तिनं शिकवणीचा पोरगा समजून पाढे म्हणायला बसवलं, आणि तोही बिचारा भीतीनं चौदापर्यंत म्हणत गेला. पण गुडघे गेले ते हसण्यावारी नेता येईना. एका सकाळी आक्काला उचलताना ती लटपटली आणि दोघी खाली पडल्या. लागलं गयाबाईला. तिनं ते कुणाला सांगू दिलं नाही.

त्या सुट्टीत मी घरी होते. आक्कानं गयाबाईला समोर बोलावलं.

"गयाबाई, उद्यापासून... काम बंद."

"कुनाचं?"

"तुमचं."

गयाबाईला वाटलं थट्टाच चालली आहे. मग आक्काचा चेहरा तिनं अगदी जवळ येऊन बघितला. आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिला पुसता येत नव्हतं. मी पुढं होणार, तेवढ्यात गयाबाईनंच ते आपल्या पदरानं पुसलं.

"हुकूम हाय?"

"हुकूम."

"रडत रडत हुकूम देत्यात व्हय?" गयाबाई खेकसली. "मुकादमानं रडायचं न्हाय. टोळी बिगडती." मग भिंतीला धरून धरून दारापर्यंत गेली. तिथून पाठमोरीच म्हणाली, "म्या तुमच्या जागी आसते तर दोन वर्सांमागंच काढली आसती." आणि गेली. मी घरात जाऊन मनसोक्त रडून घेतलं. मला कुठं टोळी सांभाळायची होती?

आक्कानं मग बाया बघायला सुरुवात केली. आईला आणि मला तिनं आतल्या खोलीत बसायला सांगितलं. बऱ्याच जणी आल्या, आणि तिनं कमल नावाची एक विधवा बाई ठेवली. मला ती फारशी पसंत नव्हती. मला कुणी विचारलं नव्हतं.

गयाबाईला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. संध्याकाळी कमलनं आक्काला चाकाच्या खुर्चीतून फलाटावर आणलं होतं, मी सोबत होते. गाडी येऊन उभी राहिली, आणि एका खिडकीतून ओळखीचा आवाज आला. डोळ्यांचं ऑपरेशन करून गयाबाई लेकाबरोबर परत निघाली होती, भाचीच्या गावी एक मुक्काम करून मग वस्तीवर जाणार होती. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि आक्काकडं बोट करून सगळ्या डब्याला सांगायला लागली, "ह्या बगा! ह्याच त्या! ह्यांनी मला कामावरनं काढलं!"

डब्यातली माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, "काढलं? आणि खुशीनं सांगतीस?"

"मंग! कुनाला इचारलं न्हाय, काय न्हाय. सोताच्या तोंडानं काढलं!"

गाडी हलली. छोटी गाडी ती, माणसाच्या चालीनं निघायची, त्यामुळं गयाबाईला भरपूर वेळ मिळाला. ती पुढच्या डब्यालाही सांगत होती, फलाटावरच्या हमालांनाही सांगत होती, "बावीस गावची तळी खांदली म्या, पर असा मुकादम न्हाय बगितला!" तिचा लेक आतून तिचं लुगडं धरून ओढत होता आणि ती काही केल्या आत जायला तयार नव्हती. पुढं सिग्नलचा खांब रुळाच्या अगदी कडेला होता.

आक्कानं मान ताठ केली. सगळं बळ एकवटून, एकाही शब्दाला न अडखळता ती ओरडली, "गयाबाई, डोकं आत घ्या!"

डोकं लगेच आत गेलं.